कृष्णवर्णीय युवकांमधील आरोग्यविषमता (अमेरिका)

अमेरिकेत आफ्रिकी वंशाच्या मुलामुलींमध्ये काही आजारांचे आणि अकाली मृत्यूचे प्रमाण गोऱ्या समवयस्कांपेक्षा बरेच जास्त आहे. या तफावतीचे खापर मुलांच्या सवयींवर फोडण्याची रीत जुनी आहे; आकडे मात्र तिला फारशी साथ देत नाहीत.

‘सीडीसी’ ही सरकारी आरोग्यसंस्था १९९१पासून साधारण दर दोन वर्षांनी नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांची जोखमीच्या वर्तनाविषयी निनावी पाहणी करते. सिगारेट आणि दारू या दोन्हींत कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या मागेच राहिलेले दिसतात. लैंगिक संबंध लवकर सुरू होण्याचे प्रमाण १९९०च्या दशकात त्यांच्यात खूपच जास्त होते, पण ते अंतर पुढे बरेच कमी झाले. तरीही १३ ते २४ वयोगटात एचआयव्हीचे नव्याने निदान होणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे कृष्णवर्णीय असतात. भोवतालच्या समाजात विषाणूचा प्रसार जास्त आणि उपचार उशिरा मिळणारे, अशा ठिकाणी सारखीच काळजी घेणाऱ्यालाही धोका अधिक राहतो.

दम्यात तर वर्तनाचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. १९३०च्या दशकात एका सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा लाल रंगाने दाखवल्या. लाल म्हणजे कर्जाला धोक्याचा भाग; अशा वस्त्यांत पैसा आला नाही आणि त्या दुर्लक्षितच राहिल्या. कॅलिफोर्नियातील आठ शहरांच्या २०२० सालच्या अभ्यासात, या लाल भागांत दम्यासाठी तातडीच्या विभागात येणाऱ्यांचे प्रमाण सर्वोत्तम ठरवलेल्या भागांच्या २.४ पट आढळले. नकाशे ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीचे, धाप आजच्या पोरांना!

१५ ते ३४ वयाच्या कृष्णवर्णीय पुरुषांत मृत्यूचे पहिले कारण हत्या हे आहे, आणि त्या बहुतांशी बंदुकीने होतात. आत्महत्येचे चित्र वेगळे आहे. ती गोऱ्यांची समस्या, असा समज दीर्घकाळ होता. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात १३ ते १७ वयोगटात कृष्णवर्णीयांचा दर खरोखरच सुमारे निम्मा निघाला; पण ५ ते १२ वर्षांच्या मुलांत तो गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट होता.

तंबाखूची गोष्ट मोठेपणी उलटते. किशोरवयात कमी ओढणाऱ्या या समाजातील बहुसंख्य प्रौढ धूम्रपानी मेंथॉल सिगारेट ओढतात; घशाला थंडावा देणारी ही सिगारेट सोडणे अधिक अवघड जाते. कंपन्यांनी तिची जाहिरात कृष्णवर्णीय वस्त्यांत अनेक दशके हेरून केली. २००९च्या कायद्याने इतर स्वादांच्या सिगारेटींवर बंदी आणली आणि मेंथॉल तेवढे वगळले. २०२२मध्ये त्यावरही बंदीचा प्रस्ताव आला. जानेवारी २०२५मध्ये तो मागे घेण्यात आला.