८० एमएमचा ब्लॉक घेतला म्हणजे खचत नाही?

सोलापुरात दारात गाडीसाठी पेव्हर ब्लॉक टाकायचे ठरले, की कोणीतरी सांगतंच, "८० एमएमचे घ्या, दहा वर्षं बघायला नको." खोटं आहे ते. घरच्या कारला ६० एमएमचा चांगला ब्लॉक पुरतो. खचते ती ब्लॉकखालची जमीन, आणि आपल्याकडे ती बऱ्याच ठिकाणी काळी माती. मे महिन्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते. वरचा ब्लॉक कितीही जाड असो, तिच्यासोबत तोही हलणारच.

म्हणून वाचलेले पैसे खाली घाला. काळी माती उकरून काढा, मुरूम थराथराने, पाणी मारून दाबा. एकदम फूटभर ढीग ओतून वरून रोलर फिरवला, तर तळ पोकळच राहतो. त्यावर खडीचा दाबलेला थर, मग जेमतेम ३० एमएम वाळू. वाळू फक्त ब्लॉक बसण्यापुरती. खड्डे त्याच वाळूने भरून लेव्हल काढणारे मिस्त्री बरेच, आणि तिथंच पुढे चाकोऱ्या पडतात.

कडेला काँक्रीटचा कर्ब, म्हणजे ब्लॉक अडवणारी कड, हवाच, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकतात आणि सांधे उघडतात. उतार घराकडून रस्त्याकडे, ५० फुटांना एक फूट. शेवटी प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत दाबणारं सपाट यंत्र) फिरवून सांध्यांत कोरडी बारीक वाळू भरायची. सिमेंटचा पातळ लगदा ओतू नका. तो तडकतो आणि पुढे एखादा ब्लॉक काढायचा म्हटलं तर फोडावा लागतो.