मधमाशीची 'जात' आली कुठून?

काजूला मोहोर आला की गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणच्या बागायतींत मधपेट्यांची चौकशी सुरू होते. प्रशिक्षणं भरतात, पत्रकं वाटली जातात. अशा पत्रकांच्या पहिल्या पानावर बहुधा असतं, 'मधमाश्यांच्या जाती चार: आग्या, सातेरी, फुलोरी आणि मेलिफेरा.' पान उलटलं की पुन्हा, 'मधमाश्यांच्या जाती तीन: राणी, कामकरी आणि नर.' पहिल्या पानावरची जात म्हणजे प्रजाती: पहिल्या तीन इथल्या, मेलिफेरा परदेशातून आणलेली. दुसऱ्या पानावरची जात म्हणजे एकाच वसाहतीतल्या माश्यांतले भेद. आणि वाचणारा माणूस घरीदारी जो 'जात' शब्द वापरतो तो तिसराच.

हा गोंधळ नुसता भाषेचा असता तर सोडून देता आला असता. पण वाळपईजवळच्या एका प्रशिक्षणात शेजारी बसलेल्या बागायतदाराने विचारलेला प्रश्न माझ्या अजून लक्षात आहे: "राणीच्या जातीचं अंडं वेगळं ओळखायचं कसं?" प्रश्न अगदी सरळ होता. जात म्हटली की ती जन्मापासून, म्हणजे अंड्यापासून असणार. पण राणीचं असं वेगळं अंडंच नसतं, आणि ही गोष्ट माणसाला कळायला फार मोठा काळ गेला.

ग्रीक काळापासून युरोपात पोळ्याचा प्रमुख 'राजा' समजला जाई. १५८६ साली स्पेनमधल्या एका पुस्तकात ही माशी मादी असून तीच अंडी घालते असं छापून आलं, १६०९ मध्ये इंग्लंडमधल्या एका धर्मगुरूने पोळं हे राणीचं राज्य असल्याचं लिहिलं, आणि त्याच शतकात पुढे एका डच संशोधकाने सूक्ष्मदर्शकाखाली 'राजा'चं पोट उघडून आतले अंडाशय पाहिले. राजाची राणी झाली ती अशी. ही राणी राज्य करत नाही, ती अंडी घालते. पण ते नाव आता इतकं रुळलं आहे की त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

भांडायचंच तर 'जात' या शब्दावर भांडावं, आणि ते गोव्यातूनच व्हायला हवं, कारण या शब्दाच्या प्रवासातलं एक मोठं वळण इथलं आहे.

मराठीतली 'जात' जन्माशी बांधलेली आहे. संस्कृतातला 'जन्' हा तिचा धातू. तरी मराठीने तिला मोकळं ठेवलं. मानकुराद ही आंब्याची जात, मुसराद ही दुसरी. बैलाची जात, भाताची जात. पोर्तुगीजांकडे याच अंगाचा शब्द होता 'कास्ता': वंश, वाण, पैदास. जनावरांना लागे, द्राक्षांनाही लागे. सोळाव्या शतकात ते या किनाऱ्यावर आले आणि इथल्या समाजाची रचना पाहून त्यांनी तिला तोच शब्द लावला. १५६३ साली गोव्यात छापलेल्या एका संवादग्रंथात एक पोर्तुगीज वैद्य चांभारांचं उदाहरण देऊन सांगतो की इथे बापाचा धंदा कोणी बदलत नाही आणि त्या धंद्यातले सगळे एका 'कास्ता'चे असतात. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेच्या ठरावात तो शब्द पुन्हा येतो. इथले लोक लहानमोठ्या 'कास्तां'मध्ये विभागलेले आहेत आणि वरच्यातला खालच्याबरोबर खातपीत नाही, असं त्यात म्हटलं आहे.

हे दोन्ही मजकूर मला महत्त्वाचे वाटतात. 'कास्ता'चा जो अर्थ पुढे जगभर गेला, त्याच्या दोन्ही खुणा त्यांत आहेत: धंदा बापाकडून येतो, आणि कोण कोणाबरोबर जेवतो यावर दर्जा ठरतो.

हा शब्द मग 'कास्ट' होऊन इंग्रजीत गेला. एकोणिसाव्या शतकात मुंग्या, वाळवी, मधमाश्या यांच्या वसाहतींचा अभ्यास वाढला, तेव्हा एकाच वारुळातल्या वेगवेगळ्या बांध्याच्या मुंग्यांना काय म्हणावं हा प्रश्न आला. हिंदुस्थानातून आलेला हा शब्द हाताशी होता. उत्क्रांतीवरच्या १८५९च्या सुप्रसिद्ध ग्रंथात मुंग्यांच्या संदर्भात तो सहजपणे वापरलेला दिसतो. जीवशास्त्राची पुस्तकं मराठीत आली तेव्हा भाषांतर करणाऱ्यासमोर इंग्रजी शब्द होता आणि त्याला मराठीत एकच ठरलेला प्रतिशब्द होता. अशी ती 'जात' माणसांकडून मुंग्यांकडे जाऊन मधमाश्यांच्या पत्रकात परत आली.

या वापराच्या बाजूनेही बोललं जातं, आणि ते टाकाऊ नाही. शास्त्रात शब्द एकदा ठरला की तो बदलल्याने जुन्या-नव्या पुस्तकांचा मेळ तुटतो. शिवाय 'राणी' आणि 'कामकरी' हे शब्द तरी कुठे निर्मळ आहेत? तेही माणसांच्याच व्यवहारातून उचललेले. मान्य. पण राणी म्हटल्याने कोणी पेटीत चुकीचं काही करत नाही. जात म्हटल्याने करतो. राणी मेली की नवीन राणी 'विकत आणावी लागेल' असं समजून पेटी तशीच सोडून देणारे मी पाहिले आहेत, आणि त्याच पेटीत राणी होऊ शकतील अशा शंभरेक अळ्या होत्या. 'प्रकार' हा साधा शब्द मला पुरेसा वाटतो.

नर तर या हिशेबात बसतच नाहीत. राणी आणि कामकरी या दोघी माद्या, एकाच तऱ्हेच्या अंड्यातून आलेल्या. नर हे वेगळं लिंग आहे. त्याला तिसरी जात म्हणणं म्हणजे घरात सासू, सून आणि पुरुष अशा तीन जाती मोजण्यासारखं आहे.

अंडं एकच असतं हे सिद्ध झालं ते १७६०च्या दशकात, सॅक्सनीतल्या एका पाद्र्याच्या प्रयोगांतून. त्याने कामकऱ्यांच्या अंड्या-अळ्यांचा पोळ्याचा तुकडा थोड्या माश्यांबरोबर, राणीशिवाय, पेटीत बंद करून ठेवला. काही दिवसांत माश्यांनी तिथल्या अळ्यांपासून राणी तयार केली. पुष्कळांनी हे मानलं नाही. १७७१ साली स्लोव्हेनियातून आलेल्या एका मधपाळाने लिहिलं की राणीचा नराशी संयोग पेटीबाहेर, उडताना होतो. १७९२ मध्ये एका दृष्टिहीन स्विस अभ्यासकाने, आपल्या नोकराच्या डोळ्यांनी पाहून, हे दोन्ही मुद्दे पक्के केले. उरला नर. १८४५ मध्ये सायलेशियातल्या एका धर्मगुरूने मांडलं की नर फलन न झालेल्या अंड्यातून येतो. त्याला आई असते, बाप नसतो. आजोबा मात्र असतो, आईचा बाप. मादीत ३२ गुणसूत्रं, नरात १६.

राणी आयुष्याच्या सुरुवातीलाच दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त नरांशी हवेत संयोग करते. नर तिथेच मरतो. मिळालेलं वीर्य ती पोटातल्या एका पिशवीत वर्षानुवर्षं जपून ठेवते आणि पुढे प्रत्येक अंड्यावर ते सोडायचं की नाही हे पोळ्यातल्या घराच्या, म्हणजे षटकोनी खणाच्या, मापावर ठरतं: लहान घरात मादीचं अंडं, मोठ्या घरात नराचं.

अंडं तीन दिवसांनी फुटतं. पुढचा हिशेब मेलिफेरा माशीचा असा: अंडं घातल्यापासून राणी १६ दिवसांत, कामकरी २१ दिवसांत, नर २४ दिवसांत बाहेर. आपली सातेरी कामकरी त्याआधीच, एक-दोन दिवस लवकर घर फोडते. राणीचं घर आडवं नसतं. ते शेंगदाण्याच्या टरफलासारखं, पोळ्याच्या कडेला खाली तोंड करून लोंबतं.

फरक पडतो तो अन्नाने. तरुण कामकऱ्या डोक्यातल्या ग्रंथींतून पांढरट, आंबूस चिक पाझरवतात, त्याला आपण राजान्न किंवा रॉयल जेली म्हणतो. पत्रकांत लिहितात की सगळ्या अळ्यांना तीन दिवस राजान्न आणि नंतर फक्त राणीला. हे अर्धंच खरं. कामकरीच्या अळीला सुरुवातीपासून मिळणारा चिकच थोडा वेगळा असतो, त्यात साखर कमी असते, तोही बेताचा मिळतो, आणि तीन दिवसांनी त्यात मध आणि परागाची भर पडते. राणीची अळी मात्र चिकात अक्षरशः तरंगत असते. गेल्या वीस वर्षांत याच्या आतलं यंत्र शोधायची धडपड झाली. २००८ मध्ये अळ्यांतलं एक जनुक दाबल्यावर बहुतेक अळ्या राणीसारख्या वाढल्या. त्या जनुकाचं काम दुसऱ्या जनुकांवर रासायनिक खुणा करून त्यांना चालू-बंद करण्याचं. २०११ मध्ये राजान्नातलं एकच प्रथिन राणी घडवतं असा दावा आला, २०१६ मध्ये दुसऱ्यांनी तो खोडला. प्रमाण, साखर, पराग, घराचा आकार, सगळं मिळून राणी होते असंच आज दिसतं.

पण या घडणीला मुदत असते. अळी तीन दिवसांच्या पुढे गेली की ती चांगली राणी होत नाही. अंड्याचे तीन दिवस आणि अळीचे तीन: राणी गेल्यावर वसाहतीच्या हाती साधारण सहा दिवस असतात.

गोव्यात ही मुदत आणखी अवघड होते ती पावसाने, तो अनुभव पुढे येईल. आधी पेट्यांविषयी. पेटीत मधमाश्या पाळणं या देशात आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, आणि सातेरीला मानवेल अशी लहान पेटी १९१०च्या सुमारास दक्षिणेतल्या एका ख्रिस्ती धर्मगुरूने बनवली. १९९१-९२ मध्ये अळ्या पाण्याच्या पिशवीसारख्या फुगून मरण्याच्या विषाणूरोगाने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर बसल्या, आणि त्यानंतर मेलिफेराचा आग्रह वाढला. २०१६-१७ नंतर देशभर पेट्या वाटण्याची जी लाट आली त्यात आकडा मोजला गेला तो पेट्यांचा. पेटी दिली की मधपाळ झाला, असा तो हिशेब. राणी कशी होते हे शिकवायला त्यात एखादा तास मिळतो, आणि त्या तासात वर सांगितलेल्या तीन जाती असतात.

इथल्या सातेरीचं नाव सात पोळ्यांवरून आलं असं सांगतात, कारण ती झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, जुन्या वारुळात एकाला एक लागून अनेक पोळी बांधते. वारुळात वसणारी सातेरी देवी आपल्या गावोगावी आहे, पण माशीचं नाव देवीवरून आलं असं म्हणायला आधार नाही. तालुक्याची सत्तरी तर सत्तर गावांची. ही माशी कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, ओळखायची झाली तर नरांची घरं पाहावीत. झाकण उंचवट्याचं असतं आणि त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. मेलिफेराच्या झाकणाला ते नसतं.

मृगाच्या तोंडावर माझ्या एका पेटीतली राणी गेली. माश्यांनी दोन राणीघरं बांधली, एक राणी बाहेरही आली. पण पुढचे तीन आठवडे पाऊस उघडला नाही आणि फुलोरा संपल्याने आसपासच्या वसाहतींनी नर केव्हाच हाकलले होते. ती राणी उडालीच नाही. आषाढ संपता संपता एकेका घरात तीन-तीन, चार-चार अंडी दिसू लागली, काही तळाशी, काही भिंतीला चिकटलेली. ती कामकऱ्यांची अंडी. अंडी घालणारी राणी नसली की कामकऱ्यांचे अंडाशय जागे होतात, पण त्यांचा नराशी संयोग झालेला नसतो, म्हणून त्यांतून नरच निघतात. नर मध आणत नाहीत. चवथीपर्यंत पेटी रिकामी झाली.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. माझ्या तिन्ही पेट्या एकाच ढोलीतल्या वसाहतीतून फोडलेल्या. मधमाशीत लिंग ठरतं ते एका जनुकाच्या दोन प्रती वेगळ्या आहेत की नाहीत यावर. हे जनुक २००३ मध्ये ओळखलं गेलं. जवळच्या नात्यातल्या नराशी संयोग झाला तर काही अंड्यांत दोन्ही प्रती सारख्या येतात, आणि मादी व्हायची ती अळी नर होते. कामकऱ्या अशा अळ्या ओळखून खाऊन टाकतात, हे १९६३ मध्येच दाखवलं गेलं होतं. पोळ्यावर मग भरल्या घरांच्या मधे मधे रिकामी घरं दिसतात. आम्ही त्याला रोग समजत होतो.

दिवाळीनंतर दुसऱ्या पेटीतली राणी गेली, तेव्हा दोन गावं पलीकडच्या एका मधपाळाकडून अंड्यांची आणि कोवळ्या अळ्यांची एक चौकट आणून मधोमध लावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या खालच्या कडेला तीन घरं रुंद होऊन खाली वळायला लागली होती. आतल्या अळ्या स्वल्पविरामाएवढ्या, चिकात बुडालेल्या. बाजूच्याच घरांत त्याच दिवशीच्या, त्याच राणीच्या अळ्या होत्या, त्या कामकऱ्या झाल्या. आभाळ मोकळं होतं, नर बाहेर होते. महिना होत आला तेव्हा पोळ्यातल्या प्रत्येक घराच्या तळाशी, बरोबर मधोमध, एकेकच अंडं उभं होतं.