मूत्रमार्गातला प्रोटियस आणि आमवात : पार्श्वभूमी

शरीरात कुठेतरी दडून बसलेला जंतुसंसर्ग सांधे बिघडवतो, ही समजूत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्यापायी अनेकांचे दात आणि टॉन्सिल काढले गेले. याच समजुतीतून एक कामाचं औषधही निघालं: स्वीडनच्या नॅना स्वार्ट्झ यांच्या पुढाकाराने सल्फापायरिडीन आणि सॅलिसिलिक आम्ल जोडून सल्फासॅलाझिन तयार झालं. आमवातात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) ते आजही देतात.

१९७८ मध्ये पीटर स्टॅस्टनी यांनी रुग्णांमध्ये एचएलए-डीआर४ (पेशींच्या पृष्ठभागावरचा, प्रतिकारशक्तीला मदत करणारा आनुवंशिक रेणू) जास्त आढळतो हे दाखवलं. १९८५ मध्ये लंडनच्या ॲलन एब्रिंजर यांच्या गटाने रुग्णांच्या रक्तात प्रोटियस मिराबिलिसविरुद्धची प्रतिपिंडं वाढलेली असल्याचं 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. हा जंतू आतड्यात राहतो आणि तिथून मूत्रमार्गात शिरतो. स्त्रियांना मूत्रसंसर्गही जास्त होतो, आमवातही. त्यामुळे मूत्रमार्गातला प्रोटियसच आमवाताचं कारण असावा, ही कल्पना लगेच पटण्याजोगी वाटली.

तिचा गाभा आहे साधर्म्य. प्रोटियसच्या हिमोलायसिन या प्रथिनात ग्लुटामिक आम्ल, सेरीन, आर्जिनिन, आर्जिनिन, ॲलानिन, ल्युसिन असा सहा अमिनो आम्लांचा तुकडा आहे. आमवाताशी जोडलेल्या काही एचएलए रेणूंत त्याच जागी ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिन, आर्जिनिन, आर्जिनिन, ॲलानिन, ॲलानिन येतं. सहापैकी चार तंतोतंत. प्रोटियसचं दुसरं प्रथिन युरिएज. ते युरियातून अमोनिया काढतं, लघवी अल्कधर्मी होते आणि स्ट्रुव्हाइट या क्षाराचे मूतखडे धरतात. त्यातल्या एका तुकड्याची सांध्याच्या कूर्चेतल्या कोलॅजन-११ शी जुळणी आहे, पण पाचातल्या तिघांचीच. जंतूवर सोडलेली प्रतिपिंडं या सारखेपणामुळे आपल्याच ऊतींवर पडतात, असा तर्क.

अडचण अशी की एवढे छोटे तुकडे योगायोगानेही जुळतात. एचएलएमधल्या त्या पट्ट्याच्या दुसऱ्या एका रूपाची (ग्लुटामिन, लायसिन, आर्जिनिन, ॲलानिन, ॲलानिन) याहून चोख, पाचही अमिनो आम्लांची जुळणी ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या डीएनएजे प्रथिनात आणि एपस्टाइन-बार विषाणूच्या जीपी११० मध्ये सापडते. शिवाय प्रोटियसचा संसर्ग झालेल्या बहुतेकांना आमवात होत नाही. आणि प्रतिपिंडं वाढलेली दिसली म्हणून आजाराचं कारण सापडलं असं होत नाही. पुढे संशोधकांचं लक्ष सिट्रुलिनयुक्त (आर्जिनिनचं सिट्रुलिनमध्ये रूपांतर झालेल्या) प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांकडे आणि हिरड्यांतल्या जंतूंकडे वळलं.

प्रोटियस तपासायचा तर लघवीचा नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवावा, नाहीतर ४ अंशांवर ठेवावा. बाहेर राहिला तर जंतू वाढून सामू आपोआप चढतो आणि अहवाल फसवतो. जंतू वाढवायच्या साध्या ब्लड अगार या माध्यमावर प्रोटियस लाटांसारखा पसरून इतर वसाहती झाकतो, म्हणून हा पसारा रोखणारं सीएलईडी माध्यम वापरतात. लक्षणं नसताना नुसता जंतू दिसला म्हणून सांध्यांसाठी प्रतिजैविक सुरू करण्याला आधार नाही.