मे महिन्यात सिंथ बेसूर का होतो?

मुंबईत ज्यांच्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकातला अॅनालॉग सिंथेसायझर (विजेने सूर घडवणारं वाद्य, थोडक्यात सिंथ) आहे, त्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी खोलीतला एसी लावायचा, मग सिंथ चालू करायचा आणि पुढचा अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. चहा प्या, फोन करा, काहीही करा. घाईने वाजवायला बसलात तर आत्ता मिळवलेला सूर दहा मिनिटांत सुटतो, पुन्हा मिळवा, पुन्हा सुटतो. बाहेरच्या माणसाला हे सगळं सोवळंओवळं वाटतं. पण त्यामागे ट्रान्झिस्टर या छोट्या इलेक्ट्रॉनिक भागाचा एक साधा आणि अगदी काटेकोर नियम आहे. जुन्या सिंथच्या ज्या आवाजावर लोक लाखो रुपये उधळतात, त्याचा बराचसा उगमही तिथेच आहे.

अॅनालॉग सिंथमध्ये कुठलाही आवाज साठवलेला नसतो. आत असतो ऑसिलेटर. कपॅसिटरमध्ये एका वेगाने विद्युतभार भरत जायचा, ठरलेली पातळी गाठली की क्षणात रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. नळाखालची बादली भरली की उपडी करावी, तसं. हे सेकंदाला २४० वेळा घडलं आणि स्पीकरपर्यंत पोचलं की २४० हर्ट्झचा सूर ऐकू येतो. बादली लवकर भरली की सूर चढतो. म्हणजे सूर बदलायचा तर भरणारा करंट बदलायचा, आणि तो करंट बदलायचा दुसऱ्या एका व्होल्टेजने. पट्टी दाबली की तिथून एक ठरावीक व्होल्टेज निघतं आणि ऑसिलेटरला आज्ञा देतं.

व्होल्टेजने ऑसिलेटरला आज्ञा द्यायची ही कल्पना रॉबर्ट मूग यांनी १९६४मध्ये, संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सोबतीने, न्यूयॉर्क राज्यात प्रत्यक्षात उतरवली. त्याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डॉन बुकला आपली वेगळी यंत्रणा बांधत होते. त्यांना पियानोच्या पट्ट्यांचं वावडं होतं, म्हणून त्यांनी स्पर्शाने चालणाऱ्या पट्ट्या बसवल्या. बाजारात मात्र मूग यांचा हिशेब टिकला: एका व्होल्टला एक सप्तक.

या हिशेबात एक अडचण दडलेली आहे. आपला कान बेरीज करत नाही, गुणाकार करतो. मध्य षड्ज २४० हर्ट्झवर असेल तर तार षड्ज ४८०वर, त्याच्या वरचा ९६०वर. व्होल्टेज एकेकाने वाढवायचं आणि करंट मात्र दरवेळी दुप्पट व्हायला हवा. हे गणित कोण करणार? ट्रान्झिस्टर ते आपणहून करतो. त्याच्या बेस आणि एमिटर या दोन पायांमधलं व्होल्टेज साधारण १८ मिलिव्होल्टने वाढलं की कलेक्टर या तिसऱ्या पायाचा करंट दुप्पट होतो, आणखी १८ वाढवले की चौपट. म्हणून सिंथमध्ये पट्टीकडून आलेला एक व्होल्ट रेझिस्टरच्या मदतीने १८ मिलिव्होल्टवर आणतात आणि ट्रान्झिस्टरच्या हवाली करतात. इतकी स्वस्त आणि इतकी देखणी युक्ती इलेक्ट्रॉनिक्समध्ये फार थोडी सापडेल.

मुंबईचा मे महिना आड येतो तो इथेच. ते १८ मिलिव्होल्ट कायमचे १८ नसतात. तो आकडा निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन. तिथून एक अंश वर गेलं की आकडा तीनशेव्या भागाने, म्हणजे ०.३३ टक्के वाढतो. एसीतल्या २२ अंशांवर सूर मिळवला, वीज गेली आणि खोली ३२वर आली, तर दहा अंशांचा फरक साडेतीन टक्क्यांच्या जवळ जातो. आता दुप्पट व्हायला जास्त मिलिव्होल्ट लागतात, आणि पट्टी तर पूर्वीइतकेच देते. त्यामुळे सप्तकच आखूड होतं. सप्तकाचे १२०० सेंट धरतात. त्यातले चाळीसेक गळतात. बावीस श्रुतींच्या मांडणीत सर्वांत लहान अंतर २२ सेंटच्या आसपास येतं, म्हणजे हा जवळजवळ दोन श्रुतींचा घाटा झाला. खालचा षड्ज जागच्या जागी धरून पाच सप्तकं वर गेलात तर चूक दोनशे सेंटपर्यंत साचते आणि सगळ्यात वरचा षड्ज कोमल निषादावर जाऊन बसतो!

आणि हा झाला धाकटा दोष. थोरला वेगळाच आहे. बेसचं व्होल्टेज स्थिर ठेवून ट्रान्झिस्टर नुसता एक अंशाने तापवला तरी त्याचा करंट सुमारे ८ टक्के वाढतो. एक स्वरांतर, म्हणजे पेटीवरच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर, असतं ६ टक्के. म्हणजे एका अंशाला एका पट्टीहून जास्त. असं वाद्य कुणी वाजवू शकणार नाही.

यावरचा उपाय झाकण उघडलेल्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे सिंथच्या एका सुट्या भागात, डोळ्यांनी बघता येतो. ऑसिलेटरच्या पाटीवर एका ठिकाणी दोन ट्रान्झिस्टर एकमेकांना चिकटवलेले असतात, मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते आणि त्यांच्या पाठीवर एक रेझिस्टर आडवा टेकवलेला असतो. दोन ट्रान्झिस्टर एकाच स्वभावाचे निवडलेले. एक तापला की दुसराही तितकाच तापतो, सर्किट त्यांच्यातली वजाबाकी घेतं, आणि थोरला दोष आपोआप कटतो. पाठीवरच्या रेझिस्टरचा रोध मुद्दाम अंशाला ०.३३ टक्के वाढेल असा निवडलेला असतो, तो धाकट्या दोषाचा हिशेब चुकवतो. या जोडीतल्या एकाच ट्रान्झिस्टरवर बोटाचं टोक हलकं टेकवलं तर सूर मींड घेतल्यासारखा सरकत जातो. बोट काढलं की सावकाश घरी येतो. (हा खेळ १२ व्होल्टच्या मॉड्यूलवरच करावा. ज्या यंत्राच्या पोटात २३० व्होल्टचा सप्लाय आहे, तिथे बोट घालू नये.)

तरीही थोडं उरतंच. जोडी कितीही जुळवलेली असली तरी तंतोतंत नसते, आणि यंत्राच्या आत हवा सगळीकडे सारखी तापत नाही. १९७०च्या मिनीमूगमध्ये तीन ऑसिलेटर होते. एक ४४० हर्ट्झवर आणि दुसरा ४४०.५वर असला की दर दोन सेकंदांनी आवाज एकदा फुगतो आणि ओसरतो. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा किंचित मागेपुढे असल्या की जे ऐकू येतं, ते हेच. फरक असा, की सिंथमध्ये तो फरक तापमानासोबत सारखा हलत असतो, म्हणून फुगणं-ओसरणं कधीच एका चालीत येत नाही. ‘अॅनालॉग उबदार वाटतो’ असं म्हणतात त्यातला एक मोठा हिस्सा हा. अक्षरशः उष्णतेचा.

दुसरा हिस्सा फिल्टरचा. ऑसिलेटरमधून निघणाऱ्या लहरीत मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे ढीगभर ओव्हरटोन असतात. फिल्टर वरचे छाटतो. मूग यांच्या फिल्टरमध्ये ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक रचलेल्या असतात आणि पायरीपायरीला एक कपॅसिटर, म्हणून त्याचं नावच ‘शिडी’. चार पायऱ्या मिळून सप्तकाला २४ डेसिबल उतार देतात. शेवटचा आवाज उलटा करून सुरुवातीला परत सोडला की छाटणीच्या काठावरचा एकच ओव्हरटोन उठून बोलू लागतो. नॉब हळूहळू फिरवला की ओव्हरटोन एकेक करून पुढे येतात. जवारी लावताना दोरा सरकवत बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.

मुंबईला हे वेड फार जुनं आहे. १९५४च्या ‘नागिन’मधली बीन ही खरी बीन नव्हे, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. ती कल्याणजींनी क्लेव्हियोलिनवर वाजवली. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७मध्ये बनवलेलं हे व्हॉल्व्हवर चालणारं वाद्य म्हणजे सिंथचा पूर्वजच. ते एका वेळी एकच सूर काढायचं, आणि बीनला तेवढा पुरे. सत्तरच्या दशकात हिंदी चित्रपटसंगीतात मूग आणण्याचं श्रेय केरसी लॉर्ड यांना दिलं जातं. (मॉड्यूलर मूग मात्र त्याआधीच, १९६९मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) पोचला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे स्टुडिओ मांडून दिला.)

आणि चरणजित सिंग. स्टुडिओत गिटार आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या या मुंबईकर वादकाने १९८२मध्ये रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले: ज्युपिटर-८वर सुरावट, टीआर-८०८वर ठेका आणि टीबी-३०३वर खालचा खर्ज. ३०३ बनवली होती एकट्या गिटारवाल्याला बास गिटारची साथ मिळावी म्हणून, आणि त्या कामात ती सपशेल पडली. पण तिच्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती आणि डायोडच्या शिडीचा, चिरका बोलणारा फिल्टर होता. रागाला मींड हवी असते, ती त्यांना तिथे मिळाली. रेकॉर्ड फारशी खपली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी तेच यंत्र पिळून अॅसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार काढला, आणि २०१०मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाल्यावर सिंग यांना ‘अॅसिड हाउसचे जनक’ म्हणायची टूम निघाली. मला हे बिरुद चुकीच्या जागी चिकटवलेलं वाटतं. शिकागोत ती रेकॉर्ड कुणी ऐकली होती याला आधार नाही, आणि त्यांनी स्वतःपुढचा जो प्रश्न सोडवला होता तो शिकागोचा नव्हताच.

यंत्रं बनवणाऱ्यांना दरम्यान सुराच्या घसरणीचा वीट आला होता. १९७८च्या प्रॉफेट-५ या सिंथमध्ये मायक्रोप्रोसेसर बसला. ट्यून बटण दाबलं की तो दहाही ऑसिलेटर मोजून जागेवर आणायचा. १९८२च्या रोलँड जुनोमध्ये कपॅसिटर रिकामा कधी करायचा हे क्रिस्टलच्या घड्याळावरून ठरू लागलं, घसरण संपलीच. १९८३मध्ये मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायची सामायिक भाषा, आलं आणि यामाहाचा डीएक्स-७ आला, जो अंकांवर चालायचा आणि बेसूर होणं त्याला ठाऊकच नव्हतं. अॅनालॉग यंत्रं भंगाराच्या भावाने विकली गेली. मग काळाने कूस बदलली. २०२०मध्ये प्रॉफेट-५ नव्याने आला, तेव्हा त्यावर ‘व्हिंटेज’ नावाचा एक नॉब होता. तो फिरवला की ऑसिलेटर हवे तितके ढिले पडतात!

सुटे मॉड्यूल जोडून सिंथ उभा करायच्या मॉड्यूलर प्रकाराला दुसरा जन्म दिला जर्मनीच्या डीटर डोएफर यांनी, नव्वदच्या दशकाच्या मध्याला. त्यांच्या युरोरॅकमध्ये पॅनलची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८च्या पटीत, वीज अधिक-उणे १२ व्होल्ट आणि मॉड्यूल एकमेकांना जोडायच्या तारा (पॅच कॉर्ड) ३.५ मिलिमीटरच्या. मापं उघडी असल्यामुळे कुणीही मॉड्यूल बनवावं आणि कुणाच्याही रॅकमध्ये बसवावं. लॅमिंग्टन रोडवर फिरून एक साधा ऑसिलेटर उभा करता येतो. बीसी-५४७ ट्रान्झिस्टर एक-दोन रुपयांना मिळतो. शंभराची पुडी आणायची आणि मल्टिमीटर घेऊन जोडी जुळवत बसायचं. बसवलेल्या ट्रान्झिस्टरला हात न लावता थांबावं लागतं, कारण बोटाची ऊब उतरेपर्यंत आकडा खरा दिसत नाही. दोघांच्या बेस-एमिटर व्होल्टेजमधला फरक दोन मिलिव्होल्टच्या आत आला की झालं. फक्त विजेची चपटी रिबन केबल उलटी लावू नका. तिची लाल कड उणे १२ची. उलटी लागली तर मॉड्यूल जळतं, आणि धूर निघाला की समजतंच.

जुनं घ्यावं की नवं? माझं मत नव्याच्या बाजूने आहे. ट्रान्झिस्टरचा नियम १९७०मध्ये होता तोच आज आहे, आणि मिनीमूग, कॉर्गचा एमएस-२० यांची सर्किटं पुन्हा बाजारात आली आहेत. म्हातारं यंत्र मुंबईत लवकर थकतं. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. खारी हवा जॅक आणि स्लायडर खाते, पावसाळ्यात नॉब फिरवला की खरखर येते. १९८४च्या जुनो-१०६मध्ये आवाजाच्या चिपांवर चढवलेला इपॉक्सीचा थर काळाने विजेला वाट देऊ लागतो आणि एकेक आवाज मुका पडतो. दुरुस्तीवाले त्या चिपा अॅसिटोनमध्ये बुडवून थर सोलून काढतात. शिवाय जपानच्या बाजारासाठी बनलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं. ते थेट आपल्या भिंतीत खुपसलं तर पुढचं काही वाचायची गरज नाही; स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी.

तरी जुनंच हवं असेल, तर विकणाऱ्याला सांगा की मी येईपर्यंत यंत्र चालू करू नका. थंड यंत्र तुमच्यासमोर चालू करायला लावा, ट्यूनर जोडा आणि सगळ्या सप्तकांतले षड्ज लिहून घ्या. अर्ध्या तासाने पुन्हा लिहा. सगळे सारखेच सरकले असतील तर ट्यूनिंगच्या नॉबने भागतं. खालचे जागेवर आणि वरचे उतरलेले असतील तर स्केलचा ट्रिमर (सप्तकाचं माप बसवायचा छोटा स्क्रू) किंवा तो पाठीवरचा रेझिस्टर बघावा लागेल, एखाद्या दुपारचं काम. पण एकच ऑसिलेटर मनाला येईल तसा उडत असेल, तर त्याची जोडी किंवा कपॅसिटर गेला आहे. ती पाटी बाहेर काढावी लागेल, आणि त्या मजुरीइतका भाव खाली आणल्याशिवाय पैसे मोजू नका.