पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवण्याचा गैरसमज

नागपुरात ज्यांच्या घरी गॅरेज नाही आणि गाडी हिवाळाभर अंगणात किंवा रस्त्याकडेला उभी असते, त्यांना हमखास एक सल्ला मिळतो, तो म्हणजे रोज सकाळी पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवावे, म्हणजे बॅटरी उतरत नाही. हा समज चुकीचा आहे. स्टार्टरने एका दमात ओढलेली आणि अलार्म, घड्याळ यांनी दिवसभरात खाल्लेली वीज एवढ्या वेळात जेमतेम भरून निघते. त्यात काचेवरचे दव घालवण्यासाठी पंखा व दिवे लावले, तर तेही होत नाही.

खरे नुकसान मात्र इंजिनाचे होते. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण तितकेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, आणि इंजिन पुरेसे तापलेच नाही तर ते सायलेन्सरमध्ये व ऑइलमध्ये साचते.

त्यापेक्षा आठवड्यातून एकदा वर्धा रोडवर अर्धा तास गाडी चालवावी. महिनाभर गावाला जायचे असल्यास बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला वीट लावणे बरे. प्लॅस्टिकची ताडपत्री रात्रीचा ओलावा आत कोंडते, म्हणून हवा खेळणारे कापडी कव्हरच घ्यावे. तसेही थंडीच्या नावाने बोटे मोडली जातात, पण बॅटरी खिळखिळी करतो तो इथला मे महिना; डिसेंबरात ते फक्त उघडकीस येते.