हुकूम कुणाचा, हात कुणाचा : 'उम्बारा'च्या गोष्टीमागचा इतिहास

अपशिंगे मिलिटरी हे साताऱ्याजवळचं गाव. नावातच मिलिटरी. पहिल्या महायुद्धात इथले ४६ जण कामी आले असं गावात सांगतात, आणि आजही घरटी कुणी ना कुणी फौजेत असतंच. माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं. दिवाळीत तिथं गेलो तेव्हा मामेभावाचा आठवीतला मुलगा मोबाईलवर कार्टून बघत होता आणि शेजारी त्याचे आबा, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले माझे थोरले मामा, बसले होते. पडद्यावर सैनिकांची रांग आपल्याच दोन साथीदारांवर बंदुका रोखून उभी होती. हुकूम सुटला, गोळ्या झाडल्या गेल्या, आणि धूर विरला तर दोघंही जागच्या जागी उभे. सगळ्यांनी मुद्दाम नेम चुकवला होता.

पोरानं विचारलं, "आबा, तुम्हाला असा हुकूम आला असता तर?"

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हुकूम कसला आहे, ते आधी बघावं लागतं."

सैन्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाचं हे उत्तर मला साधं वाटलं नाही. ते कायद्यात उतरायला माणसांना फार किंमत मोजावी लागली आहे.

पोरगा बघत होता तो 'स्टार वॉर्स : द क्लोन वॉर्स' या मालिकेतला, नोव्हेंबर २०११ मध्ये कार्टून नेटवर्कवर आलेला 'कार्नेज ऑफ क्रेल' हा भाग. उम्बारा नावाच्या अंधाऱ्या ग्रहावरच्या लढाईचे एकूण चार भाग आहेत, चारही मॅट मिक्नोवेट्झ यांनी लिहिलेले, आणि हा त्यांतला शेवटचा. गोष्ट अशी : पलटणीचा आवडता सेनापती अनाकिन याला राजधानीत परत बोलावून घेतात आणि त्याच्या जागी पाँग क्रेल येतो. सैनिकांना तो नावानं नाही, नंबरानं हाक मारतो. समोरासमोरच्या हल्ल्यात माणसं नाहक मारली जातात, तरी त्याचा आग्रह सुटत नाही. हुकूम मोडून शत्रूचं रसद जहाज उडवणाऱ्या फाइव्ज आणि जेसी यांना तो गोळ्या घालायला सांगतो. ते जमत नाही, तेव्हा 'शत्रूनं आपला गणवेश चढवलाय' असं सांगून एका तुकडीला दुसरीवर सोडतो. पडलेल्या सैनिकाचं हेल्मेट काढल्यावर आत आपलाच चेहरा दिसतो. कॅप्टन रेक्स दोन्ही बाजूंच्या मधे धावत जाऊन गोळीबार थांबवतो, तो क्षण मी तीनदा मागं नेऊन पाहिला.

या सैनिकांचा जन्मच हुकमासाठी झालेला आहे. १९७७ च्या पहिल्या चित्रपटात 'क्लोन वॉर्स'चा नुसता उल्लेख होता. २००२ च्या चित्रपटात ते क्लोन कसे बनतात हे दाखवलं : एका माणसाच्या लाखो प्रती, कोणताही हुकूम प्रश्न न विचारता पाळतील अशा बेतानं घडवलेल्या. २००५ मध्ये त्यांनी एका हुकमासरशी आपल्याच जेडाय, म्हणजे या कथेतल्या योद्ध्यांच्या पंथातल्या, सेनापतींना मारलं. म्हणजे मालिका लिहिणाऱ्यांच्या हाती आलेलं सैन्य 'नाही' म्हणूच न शकणारं होतं. उम्बाराच्या गोष्टीत त्याच सैन्याच्या तोंडी ठाम नकार आला. सगळ्या क्लोनांना डी ब्रॅडली बेकर या एकाच कलाकाराचा आवाज आहे, तरी भित्रा कोण, हट्टी कोण, विचारात पडलेला कोण, हे कानाला कळतं.

या चारांपैकी 'द जनरल' हा भाग वॉल्टर मर्च यांनी दिग्दर्शित केला. व्हिएतनाम युद्धावरच्या 'अपोकॅलिप्स नाऊ'च्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळवलेले हेच मर्च. व्हिएतनामनं अमेरिकी माणसाच्या मनात हुकमाचा प्रश्न कायमचा पेरला. १६ मार्च १९६८ रोजी माय लाय गावात अमेरिकी सैनिकांनी शेकडो नि:शस्त्र बायका, मुलं, म्हातारी माणसं मारली. ह्यू थॉम्पसन या वैमानिकानं आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मधोमध उतरवलं आणि काही जीव वाचवले. या हत्याकांडाबद्दल खटला चाललेल्या लेफ्टनंट कॅलीनं कोर्टात 'मला वरून हुकूम होता' असं सांगितलं. १९७१ मध्ये तो दोषी ठरला.

त्याहून मागं गेलं की फ्रान्समधलं सुआँ लागतं. मार्च १९१५. हल्ल्यांवर हल्ले वाया गेले होते, समोरची काटेरी तार जशीच्या तशी होती, आणि थकलेल्या कंपनीनं खंदकातून बाहेर पडायला नकार दिला. जनरल रेव्हियाकनं स्वतःच्याच खंदकांवर तोफा डागण्याचा हुकूम दिला. तोफखान्याच्या कर्नलनं 'लेखी द्या' म्हटलं, म्हणून त्या तोफा गप्प राहिल्या. लेखी हुकूम मागणं हीच त्याची हिंमत होती. पण १७ मार्चला चार कॉर्पोरलना इतरांना दहशत बसावी म्हणून गोळ्या घातल्या. त्यांतल्या तेओफिल मोपासची बायको ब्लान्श शाळेत शिकवायची. ती वर्षानुवर्षं लढली आणि १९३४ मध्ये चौघेही निर्दोष ठरले. भरपाई म्हणून प्रतीकात्मक एक फ्रँक मिळाला.

त्याच सुमारास आपल्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, होत्या. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या पलटणी होत्या. कूतच्या वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ ला ती फौज शरण गेली, सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्या माणसांच्या गावांत हुकमाच्या बऱ्यावाईटाची चर्चा कुणी केली असेल तर ती चुलीपाशीच.

आपल्याकडे नकाराचं सर्वात मोठं उदाहरण पेशावरचं. २३ एप्रिल १९३० ला किस्साखानी बाजारात खुदाई खिदमतगारांचा, म्हणजे खान अब्दुल गफारखानांच्या अहिंसक संघटनेचा, नि:शस्त्र जमाव होता. रॉयल गढवाल रायफल्सच्या जवानांना गोळीबाराचा हुकूम झाला आणि हवालदार चंद्रसिंह यांनी आपल्या माणसांना गोळी न झाडायला सांगितलं. कोर्ट मार्शल झालं. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली, १९४१ मध्ये ते सुटले. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचं मात्र मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा टोचलं होतं. गांधीजींनी एका फ्रेंच पत्रकाराशी बोलताना या नकाराला पाठिंबा दिला नाही. त्यांचं म्हणणं असं की सैनिकानं शपथ घेतलेली असते. आज मी त्याला हुकूम मोडायला शिकवलं तर उद्या आमचं राज्य आल्यावर तो आमचाही मोडेल. अहिंसेचा सर्वात मोठा पुरस्कर्ता शपथेच्या बाजूनं उभा राहिला. मला हे आजही पटत नाही, पण त्यामागची भीती खरी आहे, हे नाकारता येत नाही.

बारा वर्षांनी हाच प्रश्न आपल्या दारात आला. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर नि:शस्त्र मोर्चा गेला. पुढं होते परशुराम घार्गे. इथं मात्र गोळीबाराचा हुकूम पाळला गेला. घार्गे आणि त्यांचे साथीदार पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरातही तेच. त्या काळात एकाच घरातला एक भाऊ ब्रिटिशांच्या फौजेत आणि दुसरा प्रतिसरकारच्या मागं, हे साताऱ्या-सांगलीत नवल नव्हतं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या या भागानं हुकूम मोडणाऱ्यांना ताटात वाढलं आणि हुकूम पाळणाऱ्यांना पेन्शनीच्या दिवशी एसटीपर्यंत सोडलं. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर बाहेरच्यानं इथं येऊन शिकवावं असं मला वाटत नाही.

कायदा या सगळ्यांच्या मागून आला. १९१४ च्या ब्रिटिश लष्करी नियमावलीत वरिष्ठांच्या हुकमानं युद्धाचा नियम मोडणारा सैनिक गुन्हेगार मानला जात नव्हता. एप्रिल १९४४ मध्ये हे कलम बदललं. नाझी नेत्यांवरच्या खटल्यासाठी केलेल्या ऑगस्ट १९४५ च्या न्यूरेंबर्ग सनदेत स्पष्ट आलं : हुकूम होता म्हणून जबाबदारी टळत नाही, फार तर शिक्षा कमी होईल. आपल्या १९५० च्या लष्कर कायद्याचं ४१ वं कलम हुकूम मोडणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण त्यात एक शब्द आहे : 'कायदेशीर' हुकूम. मामा म्हणाले ते हेच. 'कसला आहे ते बघावं लागतं.' गोळ्या सुरू असताना, रात्री, थकलेल्या डोक्यानं, क्षणभरात ते बघायचं.

मालिकेनं पुढं, २०१४ मध्ये, क्लोनांच्या मेंदूत जन्मापासून चिप बसवलेली असते असं दाखवलं. सेनापतींना मारलं ते त्या चिपमुळे. मला ही वाट सोपी वाटते. चिप आली की दोष निघून जातो. उम्बारात चिप नव्हती. डॉग्मा नावाचा सैनिक तिथं प्रत्येक हुकूम मनापासून पाळत होता, गोळीबार पथकाला 'फायर' म्हणणाराही तोच. आपल्याच माणसांना आपल्याच हातून मारवलं गेलं हे त्याला शेवटी कळतं. रेक्स कोठडीतल्या क्रेलवर पिस्तूल रोखतो आणि त्याचा हात थबकतो. गोळी झाडतो तो डॉग्मा, पाठीत. कैद्याला, खटल्याशिवाय. हेही युद्धाच्या नियमात बसत नाही, आणि लेखकानं ते लपवलेलं नाही. डॉग्माला बेड्या घालून नेतात.

मामांनी त्या दिवशी चारही भाग पाहिले, फराळाचं ताट तसंच राहिलं. शेवटी त्यांनी नातवाला एकच विचारलं : "त्या डॉग्माचं पुढं काय झालं रे?"

मालिकेत तो पुन्हा दिसत नाही.