१५०० रुपयांत मेकअप घ्यायचाय, तर पैसे कुठे घालायचे?

मागच्या रविवारी भाचीबरोबर तुळशीबागेत गेले होते. तिच्या मैत्रिणीचं लग्न, हातात १५०० रुपये आणि यादीत फाउंडेशन, लिपस्टिक, मस्कारा, काजळ, ब्लश, हायलायटर सगळंच. "मावशी, तू केमिस्ट्री शिकवतेस ना, मग सांग, यातलं कशाला जास्त पैसे द्यायचे?" त्या गर्दीत नीट सांगता आलं नाही, म्हणून आता लिहितेय.

लिपस्टिक म्हणजे मुळात मेण, तेल आणि रंग. मेण मधमाशीचं नाहीतर कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांचं, तेल बऱ्याचदा आपलं एरंडेलच, आणि रंगात आयर्न ऑक्साइड म्हणजे गंजाचंच भावंड, चमक हवी असेल तर अभ्रक. २०० रुपयांच्या कांडीत हे असतं आणि २००० च्या कांडीतही बरंचसं हेच असतं, फरक पडतो तो रंग किती बारीक दळलाय त्यात, वासात आणि डबीत. लिक्विड मॅट जास्त टिकते ती महाग असते म्हणून नाही, तर तिच्यातलं आयसोडोडेकेन नावाचं पातळ द्रव उडून जातं आणि मागे रेझिनचा, म्हणजे राळेसारख्या चिकट पदार्थाचा, पातळ पापुद्रा ओठांवर बसतो म्हणून, ओठ कोरडे पडतात तेही बरंचसं त्यामुळेच. स्वस्तातली मेबलिन आणि महागडी लँकोम हे दोन्ही ब्रँड लोरियाल या एकाच कंपनीचे, हे कळलं तेव्हा मला फार आश्चर्य वाटलं होतं.

मस्कारा तर स्वस्तातलाच घ्या. ब्रश पापणीला लागतो आणि परत त्याच ओलसर नळीत जातो, म्हणजे जंतूंची सोयच, म्हणून उघडल्यावर साधारण तीन महिन्यांत टाकून द्यायला सांगतात. मग जी वस्तू तीन महिन्यांत कचऱ्यात जाणार तिला हजार रुपये का द्यायचे?

पण स्वस्त म्हणजे बिनलेबलचं नाही हं, आणि डोळ्याच्या बाबतीत तर अजिबातच नाही. पारंपरिक सुरमा गॅलेना या खनिजाचा असतो, म्हणजे शिशाचं सल्फाइड. आपल्याकडे २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार रंगासाठी शिशाची संयुगं वापरायला बंदी आहे, पण डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर यातलं काहीच नसेल तर आत काय आहे हे विचारायचं कोणाला? असं काजळ दहा रुपयांतही घेऊ नका.

खरे पैसे लागतात ते फाउंडेशनला. त्यातला त्वचेचा रंग पिवळा, लाल आणि काळा असे तीन आयर्न ऑक्साइड आणि पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड मिसळून जमवतात, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर पांढरा जरा जास्त झाला की चेहरा राखेसारखा दिसतो. म्हणून जिथे आपल्या रंगाच्या भरपूर शेड्स मिळतात तिथे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. भाचीला दुकानातल्या एलईडीखाली एक शेड अगदी परफेक्ट वाटली, जबड्यावर लावून आम्ही लक्ष्मी रोडवर उन्हात आलो तर तोच पट्टा गुलाबी! आपल्याला दिसतो तो परत फिरलेला उजेड, आणि दिव्याच्या उजेडात रंगांचं मिश्रण उन्हासारखं नसतं, त्यामुळे आत जुळलेले दोन रंग बाहेर वेगळे दिसू शकतात. मग दुसरी शेड लावून वीस मिनिटं नुसत्या फिरलो, कारण लावल्यावर त्यातलं पाणी उडतं, त्वचेचं तेल रंगात मुरतं आणि ओल्या मातीसारखा तो गडद होतो. ती मात्र जुळली.

फाउंडेशनवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा, लिहिलाय म्हणून मात्र जादा पैसे देऊ नका. तो आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात, एवढा जाड थर मेकअपचा कोणीच देत नाही. सनस्क्रीन वेगळंच हवं, आणि तेही ३० चं पुरतं, कारण ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे किरण, अडवतं आणि ५० साधारण ९८.

शेवटी फाउंडेशन ६५०, लिपस्टिक २५०, मस्कारा २५०, काजळ १५० आणि उरलेल्या २०० ची सनस्क्रीनची छोटी ट्यूब. हायलायटर राहिला. ब्लश घेतलाच नाही, लिपस्टिकचे दोन ठिपके गालावर बोटाने पसरले, तिला पिंपल्स येत नाहीत म्हणून ते मेण-तेल गालावर चालतं, आणि घरी येऊन खिडकीजवळ उभी राहून तिने ते तीनदा पुसून परत लावून बघितलं.